मन-शरीर आरोग्याच्या परिषदेला पहिल्यांदा जाताना: गोषवाऱ्यापासून क्लेमपर्यंत

यूजीसी-सीएसआयआरची ज्युनिअर फेलोशिप असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. अमेरिकेतल्या चार दिवसांच्या परिषदेचा खर्च कितीही काटकसर केली तरी साधारण दोन लाखांच्या घरात जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पैसे नाहीत म्हणून मुलं जात नाहीत, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. प्रवासाला अनुदान देणाऱ्या योजना आहेत. अडचण अशी, की त्यातले बहुतेक पैसे परत आल्यावर, कागद तपासून मिळतात. खर्च मात्र आधी करावा लागतो. ज्याच्या घरी दोन लाख रुपये पाच-सहा महिने अडकून राहिले तरी चालतं, तो जातो. ज्याच्या घरी चालत नाही, तो परिषदेकडून आलेलं स्वीकृतीचं पत्र फाइलला लावून गप्प बसतो. म्हणून हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, तितकाच त्यांच्या गाईडसाठी आणि विभागप्रमुखांसाठीही.

मन-शरीर आरोग्य म्हणजे ताण आणि प्रतिकारशक्ती, नैराश्य आणि हृदयविकार, जुनाट वेदना, झोप, योग-प्राणायाम-ध्यानाचे शरीरावरचे परिणाम. हे विषय एका विभागात मावत नाहीत. शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात प्राणायामावर काम करणाऱ्या मुलीला मानसशास्त्राच्या चाचण्यांबद्दल विचारायला शेजारी कुणी नसतं, आणि मानसशास्त्राच्या मुलाला लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कसं मोजतात हे सांगणारं कुणी नसतं. इतर शाखांपेक्षा इथे परिषदेची गरज जास्त आहे ती यामुळे.

परिषद कुठली निवडायची

पहिली परिषद देशातच करा. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीची वार्षिक परिषद, म्हणजे अ‍ॅन्सिप्स, बहुधा जानेवारीत होते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये एकात्मिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे कार्यशाळा होत असतात. आपल्याकडे लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगावरचे प्रयोग छापायला सुरुवात केली. देशातल्या परिषदेत पोस्टर लावून, प्रश्न ऐकून, मग तेच काम सुधारून बाहेर पाठवलं तर निवडीची शक्यता वाढते. निवड समितीलाही अर्जात आधीचं सादरीकरण दिसतं.

परदेशातल्या तीन संस्था माहीत हव्यात. पहिली अमेरिकन सायकोसोमॅटिक सोसायटी. ही १९४२ सालची, आणि आता तिचं नाव सोसायटी फॉर बायोसायकोसोशल सायन्स अँड मेडिसिन असं आहे. तिची वार्षिक सभा बहुधा मार्चमध्ये असते. दुसरी सायकोन्यूरोइम्युनॉलॉजी रिसर्च सोसायटी, मे-जूनच्या सुमारास. तुमच्या कामात सायटोकाइन, सीआरपी यांसारखी दाह दाखवणारी रक्तातली प्रथिनं किंवा पांढऱ्या पेशी असतील तर हीच तुमची जागा. रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी १९७५ साली उंदरांना सॅकरीनच्या पाण्याबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. पुढे नुसत्या सॅकरीनच्या पाण्यानेही त्यांची प्रतिकारशक्ती दबते, असं त्यांनी दाखवलं. ही शाखा उभी राहिली ती त्या प्रयोगापासून. तिसरी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बिहेविअरल मेडिसिन. तिचं अधिवेशन दर दोन वर्षांनी होतं. ध्यानावर काम करणाऱ्यांनी माइंड अँड लाइफ इन्स्टिट्यूटची उन्हाळी संशोधन शाळा पाहावी. तिथे नवख्या संशोधकांनाच प्राधान्य असतं.

‘जागतिक’, ‘आंतरराष्ट्रीय’ अशी भारदस्त नावं लावून ईमेलवरून आमंत्रणं पाठवणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. गोषवारा, म्हणजे कामाचा थोडक्यातला सारांश (अ‍ॅब्स्ट्रॅक्ट), पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकारला जातो, एकाच हॉटेलात एकाच दिवशी पाच वेगवेगळ्या विषयांच्या परिषदा असतात, आणि आयोजक म्हणून कुठल्याही वैज्ञानिक संस्थेचं नाव नसतं. अशा ठिकाणचं प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या मुलाखतीत उलट अंगावर येतं.

उलटी मोजणी

समजा परिषद मार्चमध्ये आहे. गोषवाऱ्याची मुदत साधारण आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपते आणि स्वीकृती डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणजे हातात आठ ते दहा आठवडे उरतात. एवढ्यात अनुदानाचा अर्ज, संस्थेची परवानगी, व्हिसा आणि तिकीट हे सगळं बसवायचं असतं. ते एकामागून एक करायला गेलं की बसत नाही, आणि बहुतेकांचं इथेच फसतं.

म्हणून स्वीकृतीची वाट न पाहता चालू करायच्या गोष्टी आधी उरका. जूनमध्ये पासपोर्ट पाहा. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने तो चालू हवा. जुलैमध्ये संस्थेचं सदस्यत्व घ्या. विद्यार्थ्यांना ते स्वस्त पडतं, आणि कितीतरी संस्था जागतिक बँकेच्या उत्पन्नगटानुसार भारतासारख्या देशांना आणखी सूट देतात. प्रवास-पुरस्कारासाठी सदस्यत्वाची अट असेल तर ते गोषवारा पाठवण्याआधी घेतलेलं असावं लागतं. ऑगस्टमध्ये विभागात अर्ज देऊन ‘गोषवारा स्वीकारला गेल्यास जाण्यास हरकत नाही’ अशी तत्त्वतः परवानगी मिळवा. विद्यापीठात ही फाइल विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव अशी फिरते आणि मध्ये गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या येतात. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची फेलोशिप असेल तर परदेश प्रवासाची परवानगी तिथूनही लागते का, हे त्याच वेळी लेखी विचारून ठेवा.

अमेरिकेच्या बी-१ व्हिसाच्या, म्हणजे परिषदेसारख्या कामासाठीच्या छोट्या भेटीच्या व्हिसाच्या, मुलाखतीसाठी भारतात कधीकधी काही महिने थांबावं लागतं. त्यामुळे तिथल्या परिषदेत गोषवारा पाठवला की लगेच तारीख घ्यावी. शुल्क १८५ डॉलर आहे आणि ते परत मिळत नाही, म्हणून हा धोका पत्करण्यासारखा आहे का, हे गाईडशी बोलून ठरवा. भारतीय अर्जदारांना हा व्हिसा मिळाला तर तो बहुधा दहा वर्षांचा असतो, त्यामुळे या वर्षी गोषवारा नाकारला गेला तरी पैसे पाण्यात जात नाहीत.

गोषवारा

अडीचशे-तीनशे शब्दांत सगळं बसवायचं असतं, आणि प्रवास-पुरस्काराचा निर्णयही बहुधा त्यावरच होतो. भारतातून योग आणि ध्यानावरचे गोषवारे पुष्कळ जातात. त्यातले नाकारले जाणारे बरेचसे नेमक्या काही चुकांमुळे पडतात.

पहिली चूक, ‘योग’ एवढाच शब्द लिहिणं. कुठली आसनं, कुठले प्राणायाम, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे, शिकवणारा कोण, घरच्या सरावाची नोंद कशी ठेवली, हे एका वाक्यात आलंच पाहिजे. योगाच्या प्रयोगांचं वर्णन कसं करावं याची ‘क्लॅरिफाय’ नावाची यादी उपलब्ध आहे. ती समोर ठेवून लिहा.

दुसरी, नियंत्रण गटाला काहीच न देणं. योगाच्या गटाला रोज तासभर कुणी तरी भेटतं, विचारपूस करतं, मंडळी एकत्र बसतात. नियंत्रण गट घरी बसलेला असेल तर फरक योगाचा की माणसांच्या सोबतीचा, हे सांगता येत नाही. तेवढाच वेळ चालणं किंवा आरोग्यशिक्षण दिलं असेल तर ते ठळक लिहा. दिलं नसेल तर मर्यादा म्हणून स्वतःच मांडा.

तिसरी चूक हृदयगतीच्या चढउतारांबद्दलची, म्हणजे एचआरव्हीची. ती इतकी सर्रास दिसते की नीट समजून घ्यायला हवी. १९९६ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार उच्च वारंवारतेचा पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्झ आहे. हा पट्टा श्वासाशी जोडलेला आहे. मिनिटाला ९ ते २४ श्वास चालू असतील तरच श्वासाचा ठसा त्यात पडतो. संथ प्राणायामात माणूस मिनिटाला सहा श्वास घेतो, म्हणजे ०.१ हर्ट्झ. तेव्हा श्वासामुळे होणारा सगळा चढउतार खालच्या पट्ट्यात, ०.०४ ते ०.१५ मध्ये, सरकतो. संगणक मग खालच्या आणि वरच्या पट्ट्याचं गुणोत्तर खूप वाढलेलं दाखवतो, आणि विद्यार्थी लिहितो की प्राणायामाने सिंपथेटिक, म्हणजे शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेची, क्रिया वाढली. खरं तर फक्त श्वासाची गती बदललेली असते. प्राणायाम चालू असतानाचं आणि आधी-नंतर शांत बसलेलं, नेहमीच्या श्वासावरचं पाच मिनिटांचं मोजमाप वेगळं दाखवा. श्वासाची गती मोजलेली असेल तर ती लिहा. परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो. उत्तर गोषवाऱ्यातच असेल तर तुमचं काम गंभीरपणे वाचलं जातं.

कॉर्टिसॉलचंही तसंच आहे. जाग आल्यावर ३० ते ४५ मिनिटांत ते शिखरावर पोचतं. सहभागी व्यक्तीने पहिला लाळेचा नमुना चहा टाकल्यावर, वीस मिनिटांनी घेतला तर तो चढ सपाट दिसतो आणि सगळा निष्कर्ष बिघडतो. नमुन्याची वेळ कशी पडताळली, ते लिहा.

वैद्यकीय चाचणी असेल तर नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक आणि सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक गोषवाऱ्यातच द्या. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. ती राहून गेली असेल तर हे काम नियोजित चाचणी म्हणून मांडू नका, प्राथमिक निरीक्षण म्हणून मांडा. आणि दहा चाचण्यांत दहाही ठिकाणी सुधारणा दाखवू नका. एक मुख्य मोजमाप आधीच ठरवलेलं असावं, त्याचा आकडा आणि त्याची विश्वासमर्यादा (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) द्यावी.

पैसा: कुठून आणि कधी

परदेशी परिषदेतल्या सादरीकरणासाठी एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला निधी देणारं केंद्र सरकारचं पूर्वीचं एसईआरबी, आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य देतं. सीएसआयआर, आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या सीटेप योजनेतूनही प्रवासाला मदत मिळते. मेंदूविज्ञानाशी जोडलेलं काम असेल तर आयब्रो ही आंतरराष्ट्रीय मेंदूसंशोधन संस्थाही नवख्यांना प्रवास-अनुदान देते. वर सांगितलेल्या परदेशी संस्थांचे स्वतःचे विद्यार्थी-पुरस्कार असतात. ते सहसा पूर्ण खर्च भागवत नाहीत, पण एका परदेशी संस्थेने तुमची निवड केली हे पत्र भारतातल्या अर्जाला फार बळ देतं. अर्ज करताना वयोमर्यादा, परिषदेच्या किती आधी अर्ज पोचायला हवा आणि मागच्या अनुदानानंतर किती वर्षं गेली पाहिजेत, या तीन अटी पोर्टलवर त्या दिवशी वाचा. जुन्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या अटींवर विसंबू नका, त्या बदलतात.

दोन ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही, पण दोन्हीकडे तसं लिहा आणि खर्चाची शीर्षं वेगळी ठेवा. विमानभाडं एकाकडून, नोंदणी आणि राहणं दुसऱ्याकडून. एकाच तिकिटाचे पैसे दोघांकडून घेतले तर तो गैरव्यवहार ठरतो.

सीएसआयआरच्या फेलोशिपबरोबर वर्षाला २०,००० रुपयांची आकस्मिक रक्कम (कंटिन्जन्सी) असते. तिचा किती भाग नोंदणी शुल्कात बसतो, ते विद्यापीठाच्या लेखा विभागाला विचारा. गाईडच्या सरकारी प्रकल्पात प्रवासाचं शीर्ष असतं, पण ते बहुधा देशातल्या प्रवासापुरतं असतं. परदेश प्रवासासाठी निधी देणाऱ्या संस्थेची वेगळी मंजुरी लागते, आणि ती प्रकल्प लिहितानाच मागितलेली बरी.

आता मूळ अडचण. अनुदान मंजूर झालं तरी तिकीट काढायला पैसे कुणाचे? यावर एक उपाय कुठल्याही विभागाला जमण्यासारखा आहे: दीड-दोन लाखांचा बिनव्याजी फिरता निधी. माजी विद्यार्थी, सल्लागार कामातला विभागाचा वाटा, एखादा न्यास यातून तो एकदाच उभा करायचा. स्वीकृती आणि मंजुरी अशी दोन पत्रं दाखवली की विद्यार्थ्याला तिकिटाची आणि नोंदणीची रक्कम थेट मिळते. क्लेमची, म्हणजे परतफेडीची, रक्कम आली की ती निधीत परत जाते आणि पुढच्याला मिळते. भिशीसारखंच हे, फक्त इथे पाळी गरजेप्रमाणे येते. नियम लेखी आणि थोडके ठेवा: एका वेळी एक किंवा दोन जण, क्लेम नाकारला गेला तर किती रक्कम माफ होईल, आणि परतफेडीची शेवटची तारीख. माफीचा नियम आधीच ठरलेला नसेल तर विद्यार्थी घाबरून पैसे उचलतच नाही, आणि ज्याच्यासाठी निधी उभा केला तोच मागे राहतो.

नोंदणी शुल्क विद्यापीठाच्या खात्यातून परदेशात पाठवायचं ठरवलं तर प्राप्तिकराचे फॉर्म आणि बँकेची तपासणी यांत आठवडे जातात आणि सवलतीची मुदत निघून जाते. कार्डाने भरून पावती जोडणं व्यवहारात सोपं. विद्यार्थ्याकडे परदेशी व्यवहार चालणारं कार्ड नसतं, तेव्हा गाईडने स्वतःचं द्यावं. एवढ्या साध्या मदतीवाचून कित्येकांची लवकरच्या नोंदणीची सवलत बुडते.

व्हिसा आणि नाव

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण खरा वेळ जातो तो अर्ज जमा करायची तारीख मिळण्यात. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. खात्यावर शिल्लक दाखवावी लागते. फेलोशिप थकलेली असेल तर पासबुक फार बोलकं दिसत नाही. अशा वेळी ‘प्रवास, निवास आणि नोंदणीचा खर्च संस्था करणार आहे’ असं संस्थेच्या लेटरहेडवरचं, रकमा लिहिलेलं पत्र जोडा. नुसतं ‘आमचा विद्यार्थी आहे’ हे पत्र पुरत नाही.

अमेरिकेच्या मुलाखतीत उत्तरं छोटी द्या: कुठली परिषद, किती दिवस, खर्च कोण करतंय, परत येऊन काय करायचंय. संशोधनाचा एक पानाचा सोप्या भाषेतला सारांश, बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी जवळ ठेवा. मागितलीच तर तिथल्या तिथे देता येते.

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमी होतो. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. गोषवाऱ्यावर फक्त नाव-आडनाव. लग्नानंतर आधारवर वेगळं आडनाव. तिकीट, व्हिसाचा अर्ज आणि परिषदेची नोंदणी तिन्ही पासपोर्टप्रमाणेच करा. शोधनिबंधासाठी एक नाव पक्कं करून ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक) घ्या, आणि गोषवाऱ्यावरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं गाईडच्या सहीचं पत्र फाइलमध्ये ठेवा. क्लेम तपासणारा कारकून नेमकं तेच विचारतो.

पोस्टर

आधी आकार आणि दिशा पाहा. युरोपात बहुधा उभं ए-शून्य, म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंटिमीटर, अमेरिकेत बहुधा आडवं ४८ × ३६ इंच. उभ्या फळ्यावर आडवं पोस्टर लावलं की कडा बाहेर लोंबतात. फ्लेक्सवर छापू नका, तो चमकतो आणि गुंडाळीतून सरळ होत नाही. पॉलिस्टर कापडावर छापलेलं पोस्टर घडी करून हातातल्या बॅगेत जातं, सामान हरवलं तरी पोस्टर वाचतं. शीर्षक ८० पॉइंटच्या वर, मजकूर २८ च्या खाली नाही. मुख्य आलेख मधोमध आणि एकच. बाकीचं सांगायला तुम्ही उभे आहातच.

तिथे गेल्यावर

तीन आठवडे आधी कार्यक्रमपत्रिका वाचून तीन-चार जणांना ईमेल करा: त्यांच्या कुठल्या निबंधाबद्दल काय विचारायचंय, आणि तुमचं पोस्टर किती वाजता, कितव्या क्रमांकाच्या फळ्यावर आहे. मोठ्या नावांपेक्षा त्यांच्या प्रयोगशाळेतले पोस्टडॉक जास्त वेळ देतात आणि पद्धतीतले बारकावेही त्यांनाच माहीत असतात. पोस्टरसमोर दोन मिनिटांचं बोलणं पाठ नको, पण पक्कं हवं: प्रश्न, पद्धत, एक निकाल, एक मर्यादा. नवख्यांसाठी ठेवलेला नाश्ता किंवा मार्गदर्शन-सत्र चुकवू नका, त्याची नोंदणी वेगळी असते. खोली वाटून घ्यायची असेल तर संस्थेच्या विद्यार्थी गटात आधीच विचारा. राहण्याचा खर्च निम्म्यावर येतो.

क्लेम

सरकारी अनुदानाच्या विमानप्रवासाला इकॉनॉमी वर्ग, जवळचा मार्ग आणि ठरवून दिलेले एजंट असे नियम लागू होतात. बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी हे ते तीन एजंट. दुसऱ्या संकेतस्थळावर स्वस्त मिळालं म्हणून तिथून काढलेलं तिकीट नामंजूर होऊ शकतं. तिकीट काढण्याआधी मंजुरीपत्रातली ही अट वाचा. वाटेत नातेवाइकांकडे चार दिवस उतरायचं असेल तर परिषदेच्या तारखांना थेट प्रवासाचं भाडं किती होतं, याचं त्याच दिवशीचं कोटेशन घेऊन ठेवा. तेवढीच रक्कम मागता येते.

जाता-येतानाचे सगळे बोर्डिंग पास कागदावर घ्या, फोनवरचा पास उड्डाणानंतर दिसेनासा होतो. एखादा हरवलाच तर विमान कंपनीकडून प्रवास केल्याचं प्रमाणपत्र लगेच मागा, काही महिन्यांनी मिळवणं कठीण जातं. उपस्थितीचं प्रमाणपत्र नोंदणीच्या टेबलावरून शेवटच्या दिवशी सहीनिशी घ्या. कार्डाने भरलेल्या प्रत्येक रकमेसाठी बँकेचं विवरण हवं, कारण रुपयांतला दर त्यातूनच ठरतो.

परत आल्यावर महिन्याच्या आत फाइल द्या: मंजुरीपत्र, तिकीट, बोर्डिंग पास, नोंदणीची आणि व्हिसाची पावती, उपस्थिती प्रमाणपत्र, दोन पानी अहवाल, बँकेचा तपशील. संस्थेमार्फत रक्कम येणार असेल तर जीएफआर, म्हणजे केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतल्या, १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. त्यावर विद्यार्थ्याची सही चालत नाही, वित्त अधिकारी आणि संस्थाप्रमुखांची लागते. त्यांच्या सहीसाठी पंधरा दिवस धरून चला, आणि पूर्ण फाइलची एक स्कॅन प्रत विभागात ठेवा. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला कुठला कागद कसा दिसतो, हे तिच्यातून कळतं.